ओल्या फडक्यातली झारी

शिंपीकाकांच्या दुकानात त्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. शिलाईची यंत्रं भिंतीला सरकवली होती, कापड कापायचं टेबल मध्यभागी ओढलं होतं, त्यावर पांढरी चादर अंथरली होती आणि चादरीवर ओल्या फडक्यात गुंडाळलेली काचेची एक झारी ठेवली होती. गल्लीतल्या अकराही घरांतली माणसं आली होती. ज्यांना आत जागा मिळाली नाही ती खिडकीचे गज धरून बाहेर उभी होती. दहा वाजले होते. वारा पडला होता आणि सगळ्यांचे कपडे पाठीला चिकटले होते.

टेबलामागे काचमहाराज बसले होते. दोन्ही तळहातांत चहाचा वाफाळता पेला धरून ते नुसते बसून होते. चहा पीत नव्हते, फुंकरही घालत नव्हते.

"येतंय," ते डोळे मिटून म्हणाले. "मोठं आहे. मागच्या तिघांचा बाप आहे हा. रागात निघालाय."

"कसला राग महाराज?" खिडकीतून कोणीतरी विचारलं.

"अरे, वादळाचं काय असतं, बोलावणं कोणी करत नाही आणि आलं की तोंडावर दारं लावतात. तुम्हाला राग आला असता की नाही? त्यालाही येतो. त्याला समजवावं लागतं. धमकावून ऐकत नाही ते."

त्यांनी पेला खाली ठेवला, फडकं सोडलं आणि झारी दोन्ही हातांच्या ओंजळीत धरली. पोटाशी गोल, वरून पूर्ण बंद अशी ती झारी होती. तिच्या तळाजवळून एक बारीक तोटी निघून वर गेली होती आणि पोटात निळं पाणी होतं. महाराजांचे ओठ हलू लागले. मग तोटीतलं निळं पाणी चढू लागलं. बोटभर चढलं, आणखी बोटभर चढलं आणि तोटीच्या तोंडाशी येऊन चादरीवर टपकलं.

"चढलं! अगं बाई, चढलं!"

"हे त्याचं डोकं," महाराज म्हणाले. "बघून घ्या. आता मी त्याला बसवतो." त्यांनी बादलीत बुडवलेलं फडकं झारीवर टाकलं आणि हट्टी मुलाशी बोलावं तसं बोलू लागले. "बैस. बैस म्हणतो ना. कुठे जायचंय तुला? इथे काही नाही तुझं. खाली बैस."

पाणी उतरू लागलं. तोटीतून खाली, आणखी खाली, अगदी तळाशी गेलं. कोणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच वाजवल्या. पहिल्या रांगेत माझी आई बसली होती. माझ्या वडिलांना, अप्पांना, जाऊन अकरा महिने झाले होते आणि त्या अकरा महिन्यांत मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. ती आता पदर तोंडाला लावून रडत होती. तिला सुटल्यासारखं झालं होतं.

मी मागे इस्त्रीच्या टेबलाला टेकून उभी होते. पहाटेच्या पहिल्या बसने आले होते. माझ्या फोनवर हवामान खात्याची सूचना होती: आज दुपारनंतर संपूर्ण खोऱ्यात विजांच्या कडकडाटासह मुसळधार पाऊस, सोसाट्याचा वारा, नदीकाठच्या सखल वस्त्यांना पुराचा धोका. चारच्या आत उंचावरच्या शाळेत जावं. आमची गल्ली गावातली सगळ्यांत सखल. तिला तोंड एकच, ते शिंपीकाकांच्या दुकानाशी. दुसऱ्या टोकाला नदीचा बांध, म्हणजे सरळ भिंत.

निघण्याआधी महाराजांनी नियम पुन्हा सांगितला. प्रत्येक घरात त्यांनी अशीच एक झारी दिलेली होती. "फडकं वाळू द्यायचं नाही. उघड्या हाताने शिवायचं नाही. आणि आज अकरा घरं म्हणजे एक मूठ. एकही बोट उघडलं, एकाही घरातला माणूस उंबरा सोडून गल्लीबाहेर गेला, तर पाणी आत येईल. ते जो गेला त्याच्या घरात नाही येणार. जे राहिले त्यांच्या घरात येईल."

मग ते कोणाच्यातरी जीपमध्ये बसले. त्यांना धरणाकडे आणखी एक वादळ अडवायचं होतं.

"कामाचा माणूस," निवृत्त कंडक्टरमामा म्हणाले. "एका फेरीत दोन वादळं."

*

"आई, पिशवी भरते," मी घरी आल्याबरोबर म्हटलं. "गोळ्या, चष्मा, दोन कपडे. बाकी काही नको."

"भर की. तुझी भर." ती झारीचं फडकं बादलीत बुडवून पिळत होती. "तू पाहुणी आहेस, तुला मुठीचा नियम लागू नाही. एकची बस आहे. जेवून जा."

"आणि तू?"

"मी गेल्या वर्षी गेले होते."

गेल्या वर्षी याच सुमारास याच खात्याने अशीच सूचना दिली होती. मी दुपारी दोनला शहरातून फोन केला होता. "आत्ताच्या आत्ता निघा," मी म्हटलं होतं. "अप्पांना फोन दे. अप्पा, वाद घालू नका, निघा." अप्पा काच फुंकायचे. शाळा-महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांना लागणारी नळ्या-भांडी ते घरामागच्या खोलीत पस्तीस वर्षं करत होते. निघताना तयार मालाचं एक खोकं त्यांनी सोबत घेतलं. शाळेच्या जिन्यावर, दुसऱ्या वळणावर, त्यांनी ते खोकं हळूच खाली ठेवलं, त्याच्या शेजारी बसले आणि उठले नाहीत. आतलं एकही भांडं फुटलं नाही. आणि नदी बांधाच्या दोन हात खालीच राहिली. पाणी आलंच नाही.

त्या फोनबद्दल आम्ही दोघी अकरा महिन्यांत एक शब्द बोललो नव्हतो.

"तुमचं ते हवामान खातं नुसतं घाबरवतं," आई फडकं झारीभोवती नीट गुंडाळत म्हणाली. "हा माणूस सांगतो आणि तसंच होतं. या उन्हाळ्यात तीनदा झालं."

तीनदा झालं होतं हे खरं. उन्हाळी वादळ अरुंद असतं. रस्त्याच्या या बाजूला कोरडं आणि त्या बाजूला गुडघाभर पाणी, असं आपण सगळ्यांनीच पाहिलेलं असतं. खात्याने तिन्ही वेळा 'काही ठिकाणी' असं म्हटलं होतं आणि ती ठिकाणं दुसरी निघाली होती. आज मात्र 'काही ठिकाणी' नव्हतं, 'संपूर्ण खोऱ्यात' होतं. आमच्या डोक्यावर थेंब पडला नसता तरी वरच्या डोंगरातलं सगळं पाणी आमच्याच दारावरून जाणार होतं. मी हे आईला सांगितलं. तिने ऐकून घेतलं. ती नेहमीच ऐकून घ्यायची.

"आणि मी गेले, आणि कंडक्टरमामांच्या घरात पाणी शिरलं तर?" ती म्हणाली. "त्यांच्या लेकीचं बाळ बारा दिवसांचं आहे. काय तोंड दाखवू?"

*

बाराच्या सुमारास समोरच्या नर्सताई सासूबाईंना चाकांच्या खुर्चीत बसवून निघाल्या. मी दारात होते. गल्लीच्या तोंडाशी शिंपीकाका आणि कंडक्टरमामा बाकावर बसले होते. त्यांना तिथे कोणी बसवलं नव्हतं. आपणच बसावं असं त्यांना वाटलं होतं.

"कुठे निघाली स्वारी?" मामांनी विचारलं.

"शाळेत. पाणी भरलं की खुर्ची ढकलता येणार नाही मला."

"पाणी भरेल कसं? मूठ बांधलीय ना."

"मामा, माझी ड्यूटी सहाला आहे. मी इस्पितळात आणि या इथे एकट्या. मला रात्रभर चैन पडेल का?"

"नर्सताई, हात जोडतो," शिंपीकाका उठून उभे राहिले आणि त्यांनी खरंच हात जोडले. "माझा नाही तर नाही, निदान त्या बाळाचा विचार करा. फक्त आजचा दिवस."

कोणी आवाज चढवला नाही. खुर्चीला कोणी हातही लावला नाही. नर्सताई मामांच्या घराकडे बघत राहिल्या. तिथे दोरीवर छोटी छोटी दुपटी वाळत होती. मग त्यांनी खुर्ची वळवली.

"सूनबाई, मला नेलंस कशाला आणि आणलंस कशाला?" सासूबाई म्हणाल्या.

"हवा खायला."

"मग हवा कुठाय?"

हवा खरंच कुठे नव्हती. माझ्याजवळून जाताना नर्सताई हळू आवाजात म्हणाल्या, "तू तरी बोल की यांच्याशी. एवढी पुस्तकं वाचतेस."

मी बोलले नाही. वाईट माणसांच्या तावडीतून कसं सुटायचं हे मी पुस्तकांत वाचलं होतं. इथे कोणीच वाईट नव्हतं. प्रत्येक जण शेजाऱ्याच्या भल्यासाठी घरात बसला होता आणि शेजारी त्याच्या. अकरा घरांना अकरा कुलपं होती आणि प्रत्येकाची किल्ली दुसऱ्याच्या खिशात होती. शिवाय "निघा" हा शब्द मी एकदा उच्चारला होता.

नर्सताई घरी गेल्या आणि आतून काहीतरी आपटल्याचा आवाज आला. झारीचं ओलं फडकं त्यांनी रागाने मोरीत फेकलं होतं. हे मला नंतर कळलं.

*

एकची बस मी जाऊ दिली. दोन वाजता पश्चिमेकडची आभाळाची कड काळवंडली. पाखरांचा आवाज थांबला. आईने खिडक्या लावून घेतल्या, कारण महाराजांनी तसं सांगितलं होतं. त्या बंद खोलीत आम्ही दोघी आणि फळीवरची ती झारी. मी घड्याळ बघत होते, आई झारी बघत होती.

"अगं," ती एकदम म्हणाली. "चढतंय."

तोटीचं टोक तेवढं फडक्याबाहेर होतं. त्यात निळं पाणी दिसू लागलं होतं. आईने धावत जाऊन बादलीत फडकं बुडवून टाकलं. पाणी थोडं उतरलं, आणि पाच मिनिटांत पुन्हा चढलं. तिने पुन्हा फडकं भिजवलं. मग फ्रिजमधली बाटली आणून वरून ओतली. पाणी झरझर खाली गेलं.

"बघ. बसलं," ती म्हणाली.

मी बघतच होते, आणि बघता बघता सकाळचा तो चहाचा पेला मला आठवला. महाराजांनी त्यातला घोटभरही प्यायला नव्हता.

"आई, वादळ इथून दहा-वीस कोसांवर आहे. फ्रिजमधल्या पाण्याने ते कसं बसेल?"

"श्रद्धेने."

"मग बादलीतल्या पाण्याने थोडंच का बसलं? श्रद्धा तीच होती. पाणी तेवढं कमी गार होतं."

ती पुन्हा फडकं झारीभोवती गुंडाळायला लागली, घाईत ते हातातून सुटलं आणि त्याच्याबरोबर झारी फळीवरून घसरली. आईने ती झेलली. दोन्ही उघड्या हातांनी, पोटाशी घट्ट धरून. तीस वर्षं काचेची भांडी गवतात भरून खोकी बांधणाऱ्या बाईचे हात होते ते. काच पडू देणं त्यांना ठाऊकच नव्हतं.

तिच्या हातांत तोटीतलं पाणी वर आलं, तोंडाशी पोचलं आणि तिच्या मनगटावर ओघळलं.

"मेले," ती पुटपुटली. "शिवले मी. माझ्यामुळे आता..."

"आई, खाली ठेवू नकोस. ऐक. तू शिवलीस म्हणून ते चढलं. तुझे हात गरम आहेत आणि आतली हवा गार होती. हवा तापली की फुगते. झारी वरून बंद, तिला जायला वाट नाही. मग ती पाण्याला तोटीतून बाहेर ढकलते. फडकं टाकलं की हवा गार होते, आक्रसते, पाणी परत आत येतं. महाराजांनी आधी चहाच्या पेल्यावर हात तापवले होते. एवढाच मंत्र आहे त्यात."

मी बोलत होते, पण तिचं लक्ष माझ्याकडे नव्हतं. तिचा अंगठा झारीच्या बुडाशी कुठेतरी थांबला होता. तिने अंगठा काढला, पुन्हा तिथेच ठेवला. मग झारी उलटी करून उजेडाकडे धरली. निळं पाणी फरशीवर सांडलं तरी तिला त्याचं भान नव्हतं.

"हा खळगा बघ," ती म्हणाली.

बुडाशी अंगठा बसेल एवढा एक उथळ खळगा होता.

"लग्न झालं त्या वर्षी माझ्या ओल्या हातातून एक भांडं निसटलं. तुझे अप्पा रागावले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक भांड्याला हा खळगा करायला लागले. काच मऊ असताना लाकडाच्या दांडीने दाबायचे. अंगठ्याला धर मिळावा म्हणून." ती खाली बसली. "दुसरं कोणी करत नाही असं. हे त्यांनी केलंय."

तेव्हा मला आठवलं. दोन वर्षांपूर्वी आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं, तेव्हा ती दोन महिने माझ्याकडे होती. अप्पा फोनवर म्हणाले होते, "सध्या डझनभर हवामान-झाऱ्या करतोय. शाळांसाठी हव्यात म्हणे. घेणारा फार गोड बोलतो. कशी चालते, का चालते, सगळं नीट विचारून घेतलं त्याने."

मी हे आईला सांगितलं, आणि सांगायला नको होतं असं एक क्षण वाटलं. त्या माणसाच्या हातातलं हत्यार अप्पांनी घडवलं होतं. पण ती आधीच तिथे पोचली होती.

"म्हणजे त्यांनी या महाराजाला समजावून सांगितलं होतं?"

"हो. सगळं."

"सगळं," ती म्हणाली. "आणि याने भांडं ठेवलं आणि समजावणं फेकून दिलं."

झारी सरळ करून ती म्हणाली, "हात न लावता, फडकं न टाकता, हे भांडं काय सांगतं?"

"बाहेरच्या हवेचा दाब. वादळ येण्याआधी तो कमी होतो. मग तोटीतलं पाणी आपणहून चढतं."

"मघाशी चढत होतं तसं?"

"तसंच."

"म्हणजे ते खरं सांगत होतं, आणि मी दुपारभर त्याच्या तोंडावर फडकं टाकत होते." ती उठली. "पिशवी राहू दे. बादली घे. शिंपीभावजींकडे जायचंय."

*

तीन वाजले होते. बाकावरची दोघं आईच्या हातातली झारी पाहून ताडकन उभी राहिली.

"वहिनी! उघड्या हाताने?"

"हो. हात शाबूत आहेत, बघा. भावजी, तुमची झारी आणा. नर्सताई, तुमचीही आणा. आणि कोणीतरी चहा टाका."

"आता चहा?"

"प्यायला नाही. मंत्र तापवायला."

झारीत पुन्हा पाणी भरून टेबलावर ठेवीपर्यंत दुकान सकाळसारखं भरलं होतं, पण या वेळी कोणी पुढे यायला तयार नव्हतं. आईने शिंपीकाकांची झारी फडक्यासकट मांडली आणि वरून पुन्हा तांब्याभर पाणी ओतलं. आपली झारी शेजारी ठेवली. मग म्हणाली, "मामा, चहाचा पेला धरा दोन्ही हातांत. जरा वेळ. आता ही झारी धरा."

"मी? वहिनी, मी दुपारी झोपलो होतो. माझं काही व्रत-बित नाही."

"झोपलेल्या माणसाचे हात जास्त गरम असतात. धरा."

मामांनी डोळे घट्ट मिटून झारी धरली. पाणी चढलं. टपकलं.

"चढलं?" मामांनी एक डोळा उघडला. "अरे! मी महाराज झालो की!"

हसू फुटलं आणि लगेच विरलं. शिंपीकाका हसले नव्हते.

"वहिनी, चढलं म्हणजे वादळ आलं. त्यात खोटं काय?"

"मग तुमची बघा," आई म्हणाली. "तुमच्यात तळाशी आहे. वादळ गेलं म्हणायचं का? एकाच टेबलावर, एकाच वेळी, इथे आलं आणि वीतभर पलीकडे गेलं?"

शिंपीकाकांनी दोन्ही तोट्यांकडे आळीपाळीने पाहिलं. मग त्यांनी स्वतः चहाचा पेला उचलला, तळहात तापवले, आपल्या झारीवरचं फडकं काढलं आणि ती धरली. हे त्यांनी कोणाकडे न बघता केलं. पाणी चढलं. त्यांनी ती खाली ठेवली आणि हात पायजम्याला पुसले.

"आणि ही?" नर्सताईंनी आपली झारी पुढे केली. तिला दुपारपासून ना फडकं होतं ना हात. टॉवेलात धरून आणली होती. तोटी काठोकाठ भरली होती आणि थेंब आपोआप गळत होता.

"ही एकटीच खरं बोलतेय," मी म्हटलं. दिवसभरात त्या गल्लीत सगळ्यांसमोर मी मोठ्याने उच्चारलेलं ते पहिलं वाक्य होतं. "यात थोडा उकाड्याचाही हात आहे, ते मी लपवत नाही. पण बाहेर हवेचा दाब उतरतोय. ही झारी वादळ अडवत नाही, काका. येतंय एवढंच सांगते. आणि पूर येईल की नाही हे तर तिलाही कळत नाही. ते वरच्या डोंगरात पाऊस मोजणाऱ्यांना कळतं."

"महाराजांना विचारू," कोणीतरी म्हणालं.

फोन लावला, आवाज मोठा केला. महाराज लगेच बोलले. "फडकं ओलं आहे ना? मग काळजी कसली? मी इथे त्याच्याशी झुंजतोय." आणि त्यांच्या आवाजामागून, अगदी स्पष्ट, दूरचित्रवाणीवरची बाई म्हणाली: "...नदीकाठच्या सखल वस्त्यांनी तातडीने सुरक्षित स्थळी जावे..."

"महाराज," मामांनी विचारलं, "आपण धरणावर आहात की टीव्हीसमोर?"

फोन बंद झाला.

मामांची लेक बाळाला छातीशी धरून उठली आणि म्हणाली, "माझ्यासाठी कोणी बसू नका. मी चालले." तिच्या मागोमाग सगळी उठली. मामा सवयीने दारात उभे राहून ओरडू लागले, "चला, पुढे सरका, पुढे सरका! म्हातारी माणसं आधी! सामान टपावर नाही, सामान घरीच!" नर्सताईंच्या सासूबाईंची खुर्ची चौघांनी उचलली. "आता कुठे नेताय?" त्यांनी विचारलं. "हवा खायला," शिंपीकाका म्हणाले. ते शेवटी निघाले. दुकानाला कडी घालताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "दुपारी मी नर्सताईंना परत पाठवलं," ते म्हणाले. "आणि वर हात जोडले होते."

*

शाळेच्या जिन्यापाशी आई थांबली. पहिले थेंब पडत होते, मागून माणसं येत होती. मी तिचा हात धरला नाही. दुसऱ्या वळणावर ती क्षणभर भिंतीला टेकली आणि मग वर गेली.

जोराचा पाऊस साडेचारला सुरू झाला. सहाच्या सुमारास नदीने बांध ओलांडला. शाळेच्या गच्चीवरून आमची गल्ली दिसत होती आणि मग दिसेनाशी झाली. सकाळी पाणी ओसरल्यावर कळलं, की नर्सताईंच्या घरात छातीएवढा गाळाचा डाग होता. त्यांच्या सासूबाईंची खाट पाण्याबरोबर तरंगत जाऊन खिडकीत अडकली होती. मामांच्या घरात कमरेएवढं पाणी होतं. गल्लीत एकही माणूस दगावला नाही, कारण गल्लीत माणूसच नव्हता. आमचं घर चांगलं पुरुषभर उंच जोत्यावर आहे. पाणी शेवटच्या पायरीपर्यंत आलं आणि तिथूनच फिरलं. आत फरशी कोरडी होती.

चार दिवसांनी महाराज आले आणि म्हणाले, मूठ सुटली म्हणूनच पाणी आलं. शिंपीकाकांनी त्यांना बसायला खुर्ची दिली, पुढ्यात चहाचा पेला ठेवला आणि म्हटलं, "प्या. नुसता धरू नका, प्या." त्यानंतर ते आमच्या गावात दिसले नाहीत. दुसऱ्या कुठल्या गावात दिसत असतील, म्हणून हे लिहिते आहे.

कोरड्या फरशीवर उभी राहून मी म्हणाले होते, "आई, आपल्याकडे यंदाही पाणी आलंच नाही."

"नाही आलं," ती म्हणाली. "तरी निघालो ते बरोबरच." मग माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "गेल्या वर्षीही बरोबरच होतं. फोन केलास ते बरोबर केलंस."

मी बाहेर जाऊन पायरीवरचा गाळ काढत बसले. बराच वेळ काढत बसले.

वाचणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच आहे. जो कधीच चुकत नाही असं म्हणतो, त्याने आपल्या चुका कुठे दडवल्यात ते आधी शोधा. ज्या वस्तूला हात लावायची बंदी असते, तिला हात लावून पाहा. हवामानाचा अंदाज म्हणजे कोणाचं वचन नव्हे. हजारो ठिकाणची मोजमापं जोडून माणसांनी सांगितलेला तो धोका असतो. तो कधी खरा ठरतो, कधी दुसऱ्याच्या वाट्याला जातो. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा सूचना येईल आणि पुष्कळदा पाणी येणार नाही. तरीही निघा. शेजाऱ्यासाठी थांबू नका, त्याला बरोबर घ्या. आणि परत आल्यावर घर कोरडं दिसलं, तर आपण फसलो असं म्हणू नका. दारं-खिडक्या उघडा आणि चूल पेटवा.